वखारीतली जर्मन गाडी

त्या रविवारी आप्पांनी मला नेहमीसारखं बेळगावजवळच्या माझ्या घरी, पिरनवाडीला आणून सोडलं. दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, हातमोजे काढले आणि इतकी वर्षं विचारत आले होते तेच विचारलं, "तरास झाला न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय." कुलपाची किल्ली पर्सच्या तळाशी गेली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्यात होतं. चहा घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "नगं. उजेड हाय तवर निपाणी गाठतो. तुझी आई वाट बघत बसंल." मग त्यांनी गाडी वळवली. ती वळवायला आमच्या कॉलनीचा अख्खा रस्ता लागायचा. समोरच्या जयाबाईंनी सवयीनं कपड्यांची दोरी वर उचलून धरली, आप्पांनी तिच्याखालून जाताना मान लववली, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

याबद्दल मला याहून जास्त काही सांगता येत नाही. गाडीबद्दल मात्र पुष्कळ सांगता येईल. भेटायला आलेले लोकही गाडीबद्दलच बोलत होते. आप्पा, म्हणजे सिद्राम मास्तर, चांगले होते, हे एका वाक्यात आटपून जो तो गाडीवर यायचा. कुणी म्हणे, मास्तरांनी ती गोव्याला चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून पैजेत जिंकली. कुणी म्हणे, ती लढाईतली आहे. मी इतिहास शिकवते. डोळ्यांदेखत इतका खोटा इतिहास तयार होताना गप्प बसणं माझ्या पेशाला शोभत नाही, म्हणून खरं काय ते लिहिते.

खरं कारण असं, की मला गाडी लागायची.

आमच्या भागात गाडी लागणं हा आजार मानत नाहीत, स्वभाव मानतात. "पोरगी जरा तशीच हाय" म्हणतात, त्यातला प्रकार. निपाणीच्या स्टँडवर बस नुसती उभी असली तरी तिच्या डिझेलच्या वासानं माझ्या पोटात ढवळायचं. शाळेची सहल गोकाकला गेली तेव्हा धबधबा सगळ्यांनी पाहिला, मी फक्त रस्त्याच्या कडा पाहिल्या. एका मामांच्या स्कूटरवरून चिकोडीला लग्नाला गेले, तर त्या मामांनी पुढं आमच्याशी संबंध ठेवला तो पत्रानंच.

उपाय सगळे करून झाले. लिंबू, आवळासुपारी, आल्याची वडी. पोटावर वर्तमानपत्र बांधावं, असं एकीनं सांगितलं. ते मराठी असावं की कन्नड, यावर गल्लीत दोन मतं पडली. निपाणीत असल्यामुळे आम्ही दोन्ही बांधून पाहिली. पोटानं भेदभाव केला नाही.

बी.ए. मी गावातच चालत जाऊन केलं. प्रश्न आला तो एम.ए.चा. त्याला एक तर कोल्हापूर नाही तर धारवाड, आणि मला कागलही जमत नव्हतं. शेजारच्या अक्काताई आईला म्हणाल्या, "तानुबाई, पोरीच्या पोटालाच शिक्षान नगं झालंय. पोटाचं ऐकावं मानसानं." आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडून संसार चालवलेल्या घरातली सून. तिला पोटाचं ऐकणं ठाऊक होतं, पण ते या अर्थानं नव्हे. आप्पा दोन दिवस नुसते सायकलवरून हिंडत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की त्यांची कंबर दुखते.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या शेठजींच्या वखारीत एक परदेशी मोटारसायकल पडून होती. त्यांच्या मुलानं ती हौसेनं जर्मनीहून मागवली होती, आणि गाडी इकडे आल्यावर तो स्वतः तिकडे गेला. शेठाणींनी गाडीवर राग धरला, म्हणून ती मिळेल त्या किमतीला निघाली होती. शेठजींच्या नातवाला आप्पांनी मॅट्रिक पार करवलं होतं, त्या ओळखीनं आप्पा ती बघून आले. "शेठजी म्हणत्यात, मागं बसून च्या पिला तरी सांडत न्हाय," ते आईला म्हणाले. "लांबच्या परवासासाठीच केलीया ती. माझ्या कंबरंला बरी."

आई म्हणाली, "लांबचा प्रवास म्हणजे कुठला? तुमची शाळा तर दोन गल्ल्यांपलीकडं आहे."

"कंबर माझी हाय," आप्पा म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

गाडी ढकलत आणली तेव्हा गल्लीतली माणसं जेवणं सोडून बाहेर आली. तशी गाडी आम्ही कुणी पाहिली नव्हती. म्हशीएवढी रुंद, पुढं वाऱ्याला अडवणारी काच, दोन्ही बाजूंना कान बाहेर आल्यासारखं इंजिन, मागं दोन मोठे कुलूपबंद डबे, आणि बैठक अशी की आमच्या घरातल्या एकाही खुर्चीला तेवढी गादी नव्हती. मागच्या माणसाला टेकायला चक्क पाठ होती. आणि या सगळ्या थाटाला वखारीतल्या कच्च्या तंबाखूचा असा उग्र वास होता, की जवळ येणारा आधी शिंकायचा आणि मग कौतुक करायचा.

बुलेट दुरुस्त करणारा भावकू मिस्त्री आला. त्यानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या, वाकून पाहिलं, झोपून पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, फसवलं तुमाला. चेनच न्हाय हिला."

आप्पांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं होतं. "हिला चेन नसतीच. दांडा असतो आतनं."

"दांडा बैलगाडीला असतो," भावकू म्हणाला, पण कामाला लागला.

गाडी सुरू होण्याचा दिवस आला. आमच्यात पूजाबिजा नसते, म्हणून आप्पांनी बाबासाहेबांच्या तसबिरीला नमस्कार केला आणि किक मारली. पण अक्काताईंना राहवलं नव्हतं. त्यांनी आदल्या संध्याकाळीच हँडलला लिंबू-मिरच्या बांधून ठेवल्या होत्या. आप्पांनी ते पाहिलं, सोडायला हात नेला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लिंबू वाटंत लागंल."

गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग दोन्ही नळ्यांतून असा काही धूर निघाला की समोरचं घर दिसेना. साधा धूर नव्हे. वखारीचा राखणदार रवळू यानं उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्ही नळ्या तंबाखूनं ठासून भरल्या होत्या. आमच्याकडं रेशमी लुगड्यापासून धान्याच्या कणगीपर्यंत, जपायचं ते तंबाखूत जपतात. त्यानं जर्मन गाडीही तशीच जपली. गाडीनं सगळ्यांसमोर एक भलीमोठी विडी ओढली. गल्लीत खोकल्याची लाट गेली. ज्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी विडी बंद केली होती ते मात्र धुरात मुद्दाम उभे राहिले. अक्काताईंची दाढदुखी त्या धुरानं थांबली, असं त्या आजही सांगतात.

त्यानंतर चहाची चाचणी. आई मागं बसायला तयार नव्हती. मी बसले असते, पण आप्पा म्हणाले, "तू नगं. आधी पारख हुंदे." अक्काताई पदर खोचून पुढं झाल्या. काठोकाठ भरलेली कपबशी हातात घेऊन त्या मागं बसल्या आणि आप्पांनी गाडी मेन रोडला काढली. चहा खरोखर सांडला नाही. भाजी मंडई गेली, स्टँड गेला, थेंब नाही. मग त्या टेकल्या. पाठीच्या गादीतून तंबाखूची धूळ उठली आणि अक्काताई शिंकल्या. पूर्ण कप आप्पांच्या मानेवरून सदऱ्यात गेला. आप्पांनी गाडी न डगमगता कडेला घेतली, उतरले, आणि म्हणाले, "ह्यात गाडीचा दोष न्हाय." ते सगळ्यांच्या बाबतीत असंच न्यायानं बोलायचे.

गाडी नावावर करताना एका सरकारी कचेरीत आणखी एक अडचण निघाली. तिथल्या कारकुनाचं म्हणणं, एवढ्या वजनाला दोनचाकीचा अर्ज चालत नाही आणि चार चाकं नसल्यामुळे मोटारीचाही चालत नाही. शिवाय पाठीला टेकू असलेली दोनचाकी त्यानं ऐकली नव्हती. "टेकू असला की ती खुर्ची झाली," तो म्हणाला. आप्पा शाळेला रजा टाकून जात राहिले आणि घामेजून परत येत राहिले, तेही बसनं, कारण गाडीला गावाबाहेर नेण्याचा कागद मिळेपर्यंत गाडी गावाबाहेर नेता येत नव्हती. शेवटी तिथल्या साहेबांच्या सासऱ्याची कंबर दुखत होती हे निघालं. टेकूचं महत्त्व साहेबांना लगेच पटलं.

या सगळ्यात दिवस गेले, आणि कागद हातात आला तो कोल्हापुरात माझा प्रवेशअर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी. आप्पा म्हणाले, "शालन, चल. तासाभराचा रस्ता." मी बसले. आईनं माझ्या हातात पिशवी दिली, तिच्यात आणखी एक रिकामी पिशवी होती, वाटेत उलटी झालीच तर. अक्काताई दारातून म्हणाल्या, "मास्तर, कंबर कशी हाय?" आप्पांनी चटकन कंबर धरली.

निघालो. पहिल्या मैलात मी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यात उघडले. वारा काचेवरून डोक्यावरनं जात होता, खालून रस्ता जातोय एवढंच कळत होतं, खड्डे कुणा दुसऱ्याला लागत असावेत. मी लिंबू हुंगायचं विसरले. दोन्हीकडं शेतं होती. ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, कारण त्या रस्त्यावर आजवर मी फक्त खालीच पाहिलं होतं.

आणि राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर बांबू आडवा आला.

त्या काळी कच्च्या तंबाखूवर सरकारी कर असे. परवान्याशिवाय पाव किलोही इकडचा तिकडं नेता येत नसे. नाक्यावरच्या शिपायानं आमच्याकडं पाहिलं नाही, नाक वर करून हवेत पाहिलं. इन्स्पेक्टर कल्लाप्पा बाहेर आले आणि खिशातल्या पेनावरून त्यांनी आप्पांना मास्तर ठरवलं.

"येनु, काय हो मास्तर, तंबाखूचा वास कुठला?"

"गाडीचा."

"गाडीला पेट्रोलचा वास असतो की हो. डब्यांत काय?"

"ठाऊक न्हाय," आप्पा म्हणाले. "किल्ल्या शेठजींच्या पोराकडं, जर्मनीत."

आपल्याच गाडीच्या डब्यात काय आहे ते ठाऊक नाही, असं त्या नाक्यावर रोज कुणी ना कुणी म्हणत असणार. ते खरं म्हणणारे आप्पा बहुधा पहिलेच. एका ट्रकवाल्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं कुलपं निघाली. रवळूनं डबेही जपले होते, शेठजींचा मुलगा कुलपं लावून जायच्या आधीच. दोन्ही डबे काठोकाठ, दाबून दाबून भरलेला काळपट तंबाखू.

मी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांची आई, माझी सुलाबाई आजी, वखारीच्या धुळीत खोकून खोकून गेली. आप्पांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता आणि वर्गातल्या एकाही पोराला लावू दिला नव्हता. ते नाक्यावर भर रस्त्यात तंबाखूचे चोर म्हणून उभे होते, आणि शिपाई त्यांना "ओ तंबाखूवाले, बाजूला" म्हणत होता.

"साहेब," ते म्हणाले, "मला थांबवा. पोरीला कुनाच्या तरी गाडीत बसवून कोल्हापूरला धाडा. आज शेवटचा दिवस हाय तिचा."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या मागं बेळगाव-कोल्हापूर बस येऊन थांबली होती, डिझेलचा धूर सोडत. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझा चेहरा पडला असावा, कारण आप्पा लगेच म्हणाले, "बस नगं. बस सोडून कायबी."

"पंचनामा झाल्याशिवाय गाडी हलत नाही, मास्तर. लवकर करतो," इन्स्पेक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

पंच म्हणून चहावाला शामू आणि बसची वाट बघणारे जोतिबा नावाचे एक शेतकरी यांना बोलावलं. दोघांनी कागद पाहिला. "माल वळखल्याबिगार सही कशी करायची?" जोतिबा म्हणाले. रास्त मुद्दा होता. त्यांनी चिमूट घेतली, चुना लावला, मळला, गालात धरला आणि डोळे मिटले.

"निपाणीचा."

शामूनंही घेतली. "न्हाय. चिकोडीकडचा."

"तुला काय कळतंय? परत घे."

शामूनं परत घेतली. "तीन वरसं तरी मुरलाय. असला आता मिळत न्हाय बगा."

हे वाक्य बसच्या कंडक्टरनं ऐकलं. सरकारी कामात मदत करणं नागरिकाचं कर्तव्य आहे, असं म्हणत तो उतरला. त्याच्या मागून ड्रायव्हर, मग प्रवासी. निपाणी की चिकोडी, हा प्रश्न चिमटीनं सुटेना तेव्हा मुठीनं सोडवायला सुरुवात झाली. ट्रकवाल्यांची रांग लागली होती, त्यांनीही आपापलं मत दिलं. एका म्हातारीनं पदराच्या टोकाला मत बांधून घेतलं. इन्स्पेक्टर "ए, मुद्देमाल आहे तो" म्हणत होते. शेवटी वाद मिटवण्यासाठी त्यांनी स्वतः, केवळ अधिकारी या नात्यानं, एक चिमूट घेतली आणि ती गालात या बाजूची त्या बाजूला फिरवली.

"निपाणी," ते म्हणाले. "हौदु, खरंच. निपाणीच."

गावातून तराजू आला, तोवर डब्यांच्या तळाशी देठं आणि भुगा उरला होता. इन्स्पेक्टरांनी डब्यात पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. गर्दीतला प्रत्येक गाल फुगलेला होता. जप्त माल साक्षीदारांनी चघळला, हे कोणत्या कलमात बसतं ते त्यांना आठवेना. त्यांनी लिहिलं, 'डब्यांत काड्या व केरकचरा आढळला', दोन्ही पंचांनी भरल्या तोंडानं सह्या केल्या, आणि बांबू वर गेला. जोतिबा मागून ओरडले, "मास्तर, परत कवा येनार?"

कोल्हापुरात पोचलो तेव्हा कचेरीची खिडकी बंद होत होती. पण गाडीचा आवाज ऐकून कारकून खिडकी अर्धी लावून बाहेर आला आणि तिच्याभोवती फिरू लागला. "बसून बघू का?" त्यानं विचारलं.

"आधी हिचा अर्ज घ्या," आप्पा म्हणाले. "मग पायजे तेवढं बसा."

अर्ज घेतला गेला. कारकून पुष्कळ वेळ बसला.

बाहेर झाडाखाली मी उभी होते. हातातली रिकामी पिशवी अजून रिकामीच होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आप्पांच्याही आलं असावं. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहत विचारलं, "तरास झाला न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल काढून माझी बैठक पुसली. ती स्वच्छ होती.

पुढं दोन वर्षं वसतिगृहात पोचवणं आणि आणणं त्या गाडीवरून झालं. नोकरी लागल्यावर बेळगावला. कोल्हापूर ते बेळगाव हा माझा सगळा नकाशा त्या मागच्या गादीवरून काढलेला आहे. हजारो मैल जायला बांधलेल्या त्या गाडीनं एवढ्याच रस्त्याच्या फेऱ्या मारल्या, आणि तिनं कधी तक्रार केली नाही. कोगनोळीला बांबू आपोआप वर जायचा. कल्लाप्पांची बदली झाली तेव्हा जाताना ते आप्पांना म्हणाले, "मास्तर, तसला पुन्हा मिळाला नाही." गल्लीतल्या बाळंतिणी त्या गाडीवरून दवाखान्यात गेल्या, एक नवरदेव मंडपात गेला. प्रत्येक जण उतरताना म्हणायचा, मास्तर, तुमच्या कंबरेचे उपकार.

कारण कंबर आप्पांनी शेवटपर्यंत सोडली नाही. अक्काताईंच्या दारावरून जाताना ते हमखास कंबर धरून चालायचे. पोरीच्या पोटासाठी म्हणून घेतली, असं कुणाला कळलं तर पोरीला नावं ठेवतील, एवढंच त्यामागं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नाही. आमच्या घरात बापाचे आभार मानायची पद्धत नाही. ते मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं, असा समज आहे. एवढी पुस्तकं वाचून मीही तो बदलला नाही.

परवा अक्काताई आईजवळ बसल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "कंबर तेवढी लई दुखायची बिचाऱ्याची."

मला गप्प राहवलं नाही. "अक्काताई, आप्पांची कंबर कधीच दुखत नव्हती. गाडी माझ्यासाठी घेतली होती."

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हाईत हाय की गं," त्या म्हणाल्या. "मी महिन्याच्या महिन्याला तेल देत हुते न्हवं कंबरंला? खायाचं गोडं तेल हुतं ते. दुखतच न्हवतं तर औशदाचं कशाला वाया घालवू?"

आई म्हणाली, "आणि मी ते आमटीला वापरत होते."

आम्ही तिघी हसलो. मग आई चहा करायला उठली, आणि मी अंगणात गेले.

गाडी उभी होती. आप्पांनी रविवारी परत येऊन ती पुसून ठेवली होती. मी मागं माझ्या जागेवर बसले. पाठीला टेकल्यावर इतक्या वर्षांनीही तो वास आला, थोडासा. आईनं चहा तिथंच आणून दिला. तो सगळा पिऊन झाला तरी थेंबही सांडला नाही. गाडी उभीच होती, तेव्हा याचं श्रेय तिला देता येणार नाही.

पुढची बैठक मोकळी होती. आप्पांची पाठ जिथं असायची तिथून पलीकडचा रस्ता दिसत होता. मी कपबशी मांडीवर ठेवली आणि मोठ्यानं, घरात आईला आणि कुंपणापलीकडं अक्काताईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"आप्पा, लई सुखानं आणलंसा मला."